जोत्याइतकंच घर

3 जून 2020, बुधवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास आईचा फोन आला. ती माजघरात होती आणि ओरडून बोलत होती. "फणस मुळापासून हलतोय रे," एवढंच कळलं. फोन तुटला आणि त्यानंतर सहा दिवस लागला नाही.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्राला लागून. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी आमच्याच पट्ट्यात जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 120 किलोमीटर. मी डोंबिवलीत टीव्हीसमोर बसून ते आकडे वाचत होतो आणि आई त्या आकड्यांच्या खाली बसली होती. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि टाळेबंदीमुळे जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. तो मिळून मी 9 तारखेला निघालो. माणगावपर्यंत रस्ता ओळखीचा होता. म्हसळ्याच्या पुढे कापलेल्या बुंध्यांमधून वाट काढत गाडी चालली होती, आणि गाव जवळ आलं तरी कळेना, कारण ज्या बागांवरून आम्ही गाव ओळखायचो त्या बागाच नव्हत्या. पोफळी कमरेतून मोडून एकाच दिशेला पडल्या होत्या. पोफळ लावून तिला सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो देखावा दुसऱ्यांदा बघवत नाही.

आई शेजारच्या काकूंकडे होती, सुखरूप. घराचं पुढचं पाखं फणसाने खाली आणलं होतं. आढं मधोमध मोडलं होतं, वासे उघडे पडले होते, समोरची पडवी पार आडवी झाली होती. चिऱ्याच्या भिंती मात्र उभ्या होत्या. फक्त ओटीची उगवतीकडची भिंत अर्धी ढासळली होती. मागच्या दोन खोल्यांवर ताडपत्री घातली आणि आईचा पावसाळा तिथेच जायचा हे ठरलं.

पुढचे नऊ महिने मी जे शिकलो ते त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर निदान चार महिने वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं 11 तारखेला आले. दिवसाला किती घरं बघत होते कोण जाणे, तिघांचेही डोळे तांबारले होते. सरकारने मदत वाढवली होती. पूर्ण पडलेल्या घराला 95 हजार 100 ऐवजी दीड लाख, आणि किमान 15 टक्के पडझडीला 6 हजारांऐवजी 15 हजार. गावात जो तो सांगत होता, पूर्ण पडलं असं लिहून घ्या. मला तेव्हा कायदा काही कळत नव्हता, पण भिंती उभ्या असताना त्या पडल्या म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "भाऊसाहेब, जे आहे ते लिहा, पण सगळं लिहा." किती भिंती उभ्या, कोणती पडली, छपराचं किती माप गेलं, फणस कुठे पडला, सगळं. फणसाची नोंद गावच्या सुतारकाकांनी आग्रहाने करायला लावली. फणस तोडायला आपल्याकडे परवानगी लागते. वादळाने पाडला हे कागदावर नसेल तर उद्या त्याच्या फळ्या काढायला नेताना अडेल, असं त्यांचं म्हणणं. त्याच फणसाची तुळई आज आमच्या घरात आहे.

त्या पंचनाम्याची एक प्रत मी मागून घेतली आणि जागेवरच तिचे फोटो काढले. पुढे जिथे जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न हाच होता की वादळाआधी तिथे नेमकं काय उभं होतं. त्याचं उत्तर देणारा सरकारी सहीचा तो एकच ताजा कागद होता.

मदतीची रक्कम कुणाच्या खात्यात जायची, इथे आमची गाडी पहिल्यांदा अडली. पंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टीच्या असेसमेंटवर, आजोबांचं नाव होतं. आजोबा 1994 साली गेले. सव्वीस वर्षं आम्ही त्यांच्या नावाने घरपट्टी भरत होतो आणि पावत्या नीट लावून ठेवत होतो. घर आपलं आहे हे सगळ्या गावाला माहीत, त्यामुळे नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या गावठाणाचं नगर भूमापन झालेलं नव्हतं, म्हणजे मालकी दाखवणारी मिळकत पत्रिकाही नाही. आणि असेसमेंटचा उतारा हा घरपट्टीपुरता असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे, हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. मदतीचं आईच्या खात्यावर निभावलं, सगळ्यांच्या फोनवरच्या होकारावर आणि पोलीस पाटलांच्या दाखल्यावर. दुरुस्तीच्या परवानगीला मात्र लेखी संमती हवी होती. सगळ्या वारसांची.

बसून मोजले. वडील नाहीत, म्हणून आई, मी आणि ताई. बडोद्याचे काका. धाकटे काका गेले, त्यांच्या मागे काकू आणि दुबईला असलेला चुलतभाऊ. महाडची आत्या. दुसरी आत्या गेली, तिची तीन मुलं, त्यातली दोघं मला रस्त्यात दिसली तरी ओळखू आली नसती. एकूण दहा. अर्ज माझ्या नावाने, म्हणजे नऊ सह्या.

आत्यांच्या सह्या कशाला, असं गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं. त्यांना मी तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगतो, लेकींचा हिस्सा असतो, आणि तो धरला नाही तर कागद लंगडा राहतो. शिवाय महाडच्या आत्याने त्या घरात जन्म घेतलाय. सही करताना ती म्हणाली, "मला एक कौल ठेव त्यातलं, जुनं." ठेवलंय.

बडोद्याच्या काकांशी बाबांचं पोफळीच्या बागेवरून बिनसलं होतं. बारा वर्षं बोलणं नव्हतं. मी फोन केला तर त्यांनी आधी आईची चौकशी केली, फणस कोणत्या बाजूला पडला ते विचारलं, आणि मग स्पष्टच म्हणाले, "सही दिली म्हणजे मी हिस्सा सोडला असं तर होणार नाही ना?" त्या प्रश्नाचा मला राग आला होता. दोन दिवसांनी विचार केला तर तो रास्त वाटला. टाळेबंदी, कुणी कुणाकडे येऊ शकत नाही, आणि पुतण्या मुद्रांकाच्या कागदावर सही मागतोय. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. श्रीवर्धनच्या वकिलांकडून संमतीपत्राचा मसुदा करून घेतला. त्यात एक वाक्य ठळक घातलं की ही संमती वादळात झालेल्या नुकसानीच्या दुरुस्तीपुरतीच असून तीमुळे कुणाचाही हक्क, हिस्सा वा हितसंबंध बाधित होत नाही. खर्च कोण करतो आणि त्यापोटी तो जास्त हिस्सा मागणार नाही, हेही लिहिलं. तो मसुदा वाचून काकांनी तिसऱ्या दिवशी नोटरी करून कागद पाठवला. पाकिटात दहा हजारांचा धनादेशही होता.

ज्यांचं घर सामाईक आहे त्यांनी हे वाक्य जपून ठेवावं. बहुतेक घरांत सही अडते ती वैरामुळे नव्हे, भीतीमुळे अडते, आणि ती भीती लिहून दूर करता येते. दुबईच्या भावाने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन सही साक्षांकित केली. तो कागद यायला पाच आठवडे लागले. आत्याची दोन अनोळखी मुलं सगळ्यात आधी सह्या देऊन मोकळी झाली.

मध्ये गणपती आले, 22 ऑगस्टला. त्या वर्षी चाकरमान्यांना दहा दिवसांचं विलगीकरण होतं, म्हणून मी 10 तारखेलाच पोचलो आणि शाळेच्या खोलीत राहिलो. गणपती ताडपत्रीखाली बसला. पावसाचा आवाज एवढा की आरती आम्हाला आमचीच ऐकू येत नव्हती. आईने नेहमीसारखेच एकवीस मोदक केले.

सप्टेंबरात मी अर्जाला हात घातला आणि तेव्हा 'दुरुस्ती' या शब्दाची किंमत कळली. पंचायत समितीचे शाखा अभियंता शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, "कौलं बदलणं, गिलावा, फरशी, मोडलेले वासे त्याच जागी नवे घालणं, ही दुरुस्ती. छपराची उंची तीच हवी. भिंत जुन्या रेषेवर चढवायची. तुम्ही स्लॅब टाकतो म्हणालात की ते नवीन बांधकाम झालं, मग नकाशा वेगळा, वाट वेगळी." गावात तेव्हा स्लॅबचीच हवा होती. वादळाने घाबरलेल्या माणसाला डोक्यावर काँक्रीट हवंसं वाटतं, त्यात चूक काही नाही. पण मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅबचं वजन घालायचं म्हणजे भिंतीही नव्या करायच्या. आम्ही कौलंच ठेवली.

दुसरा विषय समुद्राचा. आमच्या ओटीवरून लाट दिसत नाही, ऐकू येते. घर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत पडतं की बाहेर, हे आजवर आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. अलिबागला नगररचना कार्यालयात नकाशा बघायला गेलो. तिथल्या साहेबांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "आत आहात." माझा चेहरा बघून त्यांनीच खुर्ची दिली. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. त्याची तेव्हा लागू असलेली 2011 ची अधिसूचना त्यांनी समोर धरून वाचायला लावली. गावांच्या किनाऱ्याला भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र, नवीन बांधकाम नाही. पण अस्तित्वातल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, चटई क्षेत्र, जोत्याचं म्हणजे घराखालच्या चौथऱ्याचं क्षेत्र आणि घनता पूर्वीपेक्षा वाढवायची नाही. म्हणजे जोतं तेवढंच. बाहेर आल्यावर मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि तिथल्याच कट्ट्यावर बसून आईला फोनवर वाचून दाखवलं.

'अधिकृत' म्हणजे कधीपासूनचं? किनाऱ्याची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. घर त्याआधीचं आहे हे कागदाने दाखवायचं. पंचायतीच्या कपाटात 1982 ची आकारणी नोंदवही सापडली. ग्रामसेवकांनी आणि मी मिळून दोन दुपारी धूळ झटकत ती शोधली. पानाला वाळवी लागली होती, पण आमची ओळ शाबूत होती: चिऱ्याच्या भिंती, कौलारू, 38 फूट बाय 27. आजोबांचं नाव निळ्या शाईत. ते पान हातात आल्यावर मला जे वाटलं ते लिहिणं कठीण आहे. ग्रामसेवकांनी मला पाणी दिलं.

पण त्या ओळीत पडवी नव्हती.

पडवी बाबांनी माझ्या मुंजीसाठी घातली, 1988 च्या एप्रिलमध्ये. 38 फूट लांब, आठ फूट रुंद, सागाचे सहा खांब. आमच्या घराचं सगळं जगणं त्या पडवीत. सुपारी तिथे सोलायची, आमसुलं तिथे वाळायची, बाबा आजारी असताना त्यांची खाट तिथेच होती. नोंदवहीत मात्र ती पहिल्यांदा दिसते 1997 च्या फेरआकारणीत. म्हणजे 1991 च्या नंतर.

मी मुंजीचा अल्बम घेऊन गेलो. फोटोत पडवीच्या खांबाला टेकून आजोबा उभे आहेत, मी समोर लंगोटीत. अभियंत्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण फोटोवर तारीख नाही आणि माप नाही. मी यावर सही केली तर वर टिकणार नाही." मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पडवीसकट मागायचं असेल तर प्रकरण मुंबईला, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाण्याचा संभव, आणि तिथे किती दिवस लागतील ते ते सांगू शकत नव्हते. पडवी सोडली तर नोंदवहीतल्या मापाप्रमाणे त्यांचा अहवाल सरळ जाईल.

मला भांडायचं होतं. आमची पडवी खरी होती, बत्तीस वर्षं उभी होती, आणि कुणाचं काही अडवलेलं नव्हतं. नियम मला आजही योग्य वाटतो. किनाऱ्यावर जे काही उभं राहतंय ते बघता तो हवाच. पण ज्या घराने चार माणसांना सावली होईल एवढं छप्पर पुढे काढलं आणि पंचायतीत सांगायचं राहिलं, आणि ज्याने मुद्दाम लपवलं, या दोघांना कागद सारखंच मोजतो. ते मला लागलं.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, तिथे तिने टोप सरकवला. मग म्हणाली, "आधी डोक्यावर कौलं येऊ देत. अजून एक पावसाळा माझ्याने असा नाही काढवणार."

5 ऑक्टोबरला अर्ज दिला, पडवी वगळून. जोडलेले कागद: 1982 च्या नोंदीची प्रमाणित प्रत, चालू असेसमेंटचा उतारा, घरपट्टी भरल्याची पावती, पंचनामा, आजोबांचा आणि बाबांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नऊ संमतीपत्रं, वादळानंतरचे चारही बाजूंचे फोटो, आणि अभियंत्यांनीच सुचवलेला एक साधा नकाशा, ज्यात जुनी भिंत एका रंगाने आणि दुरुस्तीची दुसऱ्या रंगाने दाखवली होती. प्रत्येक कागदाच्या पोचेवर शिक्का घेतला. पुढे एकदा दोन संमतीपत्रं फाइलमध्ये सापडेनात, तेव्हा तो शिक्का दाखवला आणि तासाभरात ती दुसऱ्या गठ्ठ्यात मिळाली.

27 ऑक्टोबरला स्थळपाहणी झाली. टेप धरायला मी एका टोकाला आणि शेजारचा मुलगा दुसऱ्या. माप 38 फूट आणि 27 फुटांना दोन इंच कमी. मी श्वास रोखून धरला होता.

मग सगळं थांबलं. आमच्या पंचायतीची मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे. डिसेंबरात निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली, ग्रामसेवक त्या कामात. 15 जानेवारीला मतदान झालं. फेब्रुवारीत सरपंच निवडून नवीन मंडळी बसली आणि पहिल्याच मासिक सभेत आमच्यासारखे अकरा अर्ज एकदम आले. त्या थांबलेल्या तीन महिन्यांत मी दर सोमवारी फोन करत होतो, न चिडता. चिडून उपयोग नव्हता, कारण समोरचा माणूसही वादळात सापडलेलाच होता. आमच्या ग्रामसेवकांच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडाले होते हे मला डिसेंबरात कळलं.

4 मार्च 2021 ला परवानगीचं पत्र हातात पडलं. एक पान. 'पूर्वीच्याच जोत्यावर, पूर्वीच्याच उंचीचे कौलारू छप्पर.'

काम मात्र भराभर झालं. सुतारकाकांनी फणसाच्या फळ्या आधीच सावलीत रचून वाळवल्या होत्या. जुन्या दोन हजारांतली साडेआठशे कौलं शाबूत निघाली, ती मागच्या पाख्याला वापरली. या वेळी वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडले, आणि पागोळीकडच्या दोन रांगांची कौलं तारेने बांधली. एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा दोन्ही सुतार घरी न जाता आमच्याकडेच राहिले, आईच्या हातचं जेवले. 12 मेला शाकारणी पुरी झाली.

चारच दिवसांनी तौक्ते चक्रीवादळ आलं. 16 मेच्या रात्री मी गावातच होतो. वारा सुरू झाला तशी आई उठून बसली आणि वर बघत राहिली. मी बॅटरी आढ्यावर धरली. लाकूड करकरत होतं पण हलत नव्हतं. पहाटेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही. उजाडल्यावर मी बाहेर जाऊन मोजलं. सात कौलं सरकली होती, एकही पडलं नव्हतं.

असेसमेंटला आता दहा जणांची नावं लागली आहेत, आणि 1982 च्या त्या पानाची प्रमाणित प्रत प्रत्येकाकडे आहे, बडोद्यालासुद्धा.

पडवीचं जोतं आहे तसंच आहे, चिऱ्याचं, उघडं. त्यावर खांब उभा करायचा नाही हे आम्ही लिहून दिलंय. सकाळी तिथे ऊन चांगलं येतं. आई त्यावर आमसुलं वाळत घालते आणि आभाळ भरून आलं की मला हाक मारते, दोन्ही चटया एकदम आत घ्यायला.